घरगुती विद्युत वायरिंगमधील धोकादायक चुका

घरगुती विद्युत वायरिंगमधील धोकादायक चुका म्हणजे निवासी इमारतीतील वीजजोडणी, तारांची मांडणी, संरक्षक साधने आणि अर्थिंग (भूसंपर्कन) यांतील असे दोष, ज्यांमुळे विजेचा प्राणघातक धक्का बसण्याचा किंवा आग लागण्याचा संभव निर्माण होतो. यांतील बहुतेक दोष असतानाही दिवा लागतो, पंखा फिरतो आणि कूलर चालतो. त्यामुळे वायरिंग ठीक आहे असा घरातील माणसांचा समज होतो आणि दोष अनेक वर्षे लपून राहतो. तो बहुधा अपघातानंतरच उघडकीस येतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंविषयीच्या वार्षिक अहवालांनुसार २०१९, २०२० आणि २०२१ या तिन्ही वर्षांत भारतात विजेच्या धक्क्याने प्रतिवर्षी १२ हजारांहून अधिक मृत्यू झाले. यांत शेतातील, वाहिन्यांवरील आणि घरांतील अशा सर्व अपघातांचा समावेश आहे. महाराष्ट्रात विदर्भातील कडक उन्हाळा, लोखंडी कूलरचा सार्वत्रिक वापर, टिनपत्र्यांची घरे आणि काळी माती यांमुळे या विषयाला विशेष महत्त्व आहे. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब व त्याच्या परिसरातील गावे ही अशा स्थितीची प्रातिनिधिक उदाहरणे होत.

पार्श्वभूमी

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाने आणि ५० हर्ट्झ वारंवारितेने केला जातो. रोहित्रापासून (ट्रान्सफॉर्मर) घरापर्यंत एक-फेज जोडणीत फेज आणि न्यूट्रल अशा दोन तारा येतात. फेज तारेत जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टचा दाब असतो. न्यूट्रल तार रोहित्रापाशी जमिनीला जोडलेली असल्याने तिचा दाब सामान्यतः शून्याजवळ राहतो. तिसरी तार अर्थिंगची असून ती उपकरणांचे धातूचे सांगाडे जमिनीला जोडते. नित्याच्या वापरात तिच्यातून प्रवाह वाहत नाही. दोष निर्माण झाल्यावरच तिचे काम सुरू होते. म्हणूनच ती नसली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली. जून २००५ मध्ये मंडळाची पुनर्रचना होऊन वितरणाचे काम महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनीकडे, म्हणजेच महावितरणकडे आले. कळंब तालुका महावितरणच्या अमरावती परिमंडलात मोडतो. २००५ मध्ये सुरू झालेली राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आणि २०१७ मधील सौभाग्य योजना यांद्वारे ग्रामीण भागातील गरीब कुटुंबांना जोडण्या मिळाल्या. अशा जोडण्यांतील मूळ वायरिंग एकदोन दिवे आणि एखादा प्लग एवढ्याच भारासाठी केलेले असे. पुढे त्याच तारांवर पंखा, दूरचित्रवाणी संच, शीतकपाट, कूलर आणि पाण्याचा पंप यांचा भार पडत गेला. वायरिंग मात्र तेच राहिले. घरगुती अपघातांमागील हे एक मोठे कारण आहे.

जुन्या घरांत लाकडी पट्टीवर ठोकलेले वायरिंग, नंतरच्या घरांत केसिंग-कॅपिंग आणि अलीकडील पक्क्या घरांत भिंतीच्या आतून पीव्हीसी नळीतून नेलेले वायरिंग आढळते. एकाच घरात तिन्ही पद्धती दिसणे ही नवलाची गोष्ट नाही. मूळ घराला खोल्या जोडताना नव्या तारा बहुधा जुन्याच बोर्डातून घेतल्या जातात.

विजेच्या धक्क्याचे स्वरूप

धक्क्याची तीव्रता शरीरातून जाणारा प्रवाह, तो वाहण्याचा कालावधी आणि त्याचा मार्ग यांवर अवलंबून असते. सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाहाला मुंग्या आल्यासारखी संवेदना होते. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. ‘विजेने धरून ठेवले’ या लोकसमजुतीचे मूळ यात आहे. प्रत्यक्षात वीज माणसाला धरत नाही, त्याचेच स्नायू मूठ उघडू देत नाहीत. ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही काळ वाहिल्यास श्वसनाचे स्नायू आणि हृदयाचे ठोके यांवर गंभीर परिणाम होऊ शकतो.

कोरड्या त्वचेचा विद्युतरोध जास्त असतो. अंग ओले असल्यास तो झपाट्याने घटतो. शरीराचा रोध १००० ओहम धरल्यास २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.२३ अँपिअर प्रवाह वाहतो. हा प्रवाह माणसाचा जीव घेण्यास पुरेसा आहे. पण ६ किंवा १६ अँपिअरच्या फ्यूज वा एमसीबीच्या दृष्टीने तो एका लहान दिव्याएवढाच असतो, म्हणून ती साधने वीज तोडत नाहीत. फ्यूज आणि एमसीबी तारांचे रक्षण करतात, माणसाचे थेट रक्षण करत नाहीत.

प्रमुख चुका

अर्थिंग नसणे किंवा नावापुरते असणे

ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक चूक मानली जाते. बोर्डावर तीन छिद्रांचे सॉकेट असते, परंतु वरच्या मोठ्या छिद्रामागे तार जोडलेलीच नसते. काही ठिकाणी अर्थिंगची तार भिंतीतील खिळ्याला, नळाच्या पाइपला किंवा जमिनीत थोडी खोल ठोकलेल्या सळईला बांधलेली असते. नळाच्या पाइपमध्ये आता बहुधा प्लॅस्टिकचे तुकडे असतात. त्यामुळे तो जमिनीशी जोडलेला राहत नाही. उलट, दोष निर्माण झाल्यास घरातील सर्व नळांत वीज उतरू शकते.

अर्थिंगसंबंधीच्या आयएस ३०४३ या भारतीय मानकानुसार जस्तलेपित लोखंडी पाइपचा भूअग्र किमान २.५ मीटर लांबीचा असावा आणि तो इमारतीपासून किमान १.५ मीटर अंतरावर पुरावा. भोवती कोळसा व मीठ यांचे थर घालण्याची आणि वरून पाणी ओतण्यासाठी नरसाळे ठेवण्याची पद्धत प्रचलित आहे.

न्यूट्रललाच अर्थिंग मानणे

अर्थिंगचा खर्च टाळण्यासाठी सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थिंगची टोके एका तुकड्याने जोडली जातात. टेस्टरने पाहिल्यास काहीच वावगे दिसत नाही. परंतु खांबावर, मीटरपाशी किंवा बोर्डात न्यूट्रल तार तुटली अथवा सैल झाली की चालू उपकरणामधून फेजचा दाब न्यूट्रलवर येतो आणि त्या तुकड्यावाटे कूलर, शीतकपाट व धुलाईयंत्र यांच्या धातूच्या सांगाड्यांवर पोहोचतो. फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल झाल्यास सांगाड्यावर थेट २३० व्होल्ट येतात. खांबावरील दुरुस्तीनंतर अशी अदलाबदल होऊ शकते. म्हणजेच घरमालकाने काहीही बदल केलेला नसतानाही आदल्या दिवशीपर्यंत ‘चांगले’ असलेले वायरिंग जीवघेणे ठरते.

स्विच न्यूट्रलवर बसवणे

स्विच नेहमी फेज तारेवर असावा लागतो. तो न्यूट्रलवर बसवल्यास बटण बंद केल्यावर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तशीच राहते. बटण बंद आहे या विश्वासावर दिवा बदलणाऱ्यास धक्का बसतो. न्यूट्रलवर स्वतंत्र फ्यूज बसवणे हीदेखील याच प्रकारची चूक आहे. जुन्या घरांत दोन्ही तारांवर चिनी मातीचे फ्यूज दिसतात. न्यूट्रलचा फ्यूज आधी वितळला तर घर अंधारात जाते, मात्र सर्व तारांत वीज कायम असते. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्येही न्यूट्रलवर असा स्वतंत्र फ्यूज वा स्विच बसवण्यास मनाई होती.

फ्यूजमध्ये जाड तार घालणे

फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात तांब्याच्या तारेचे अनेक पदर पिळून घातले जातात. वाढलेला भार किंवा कोठेतरी असलेला दोष हे फ्यूज जाण्याचे कारण असते. जाड तार घातल्याने कारण दूर होत नाही, केवळ सूचना बंद होते. यानंतर फ्यूजऐवजी भिंतीतील तार तापते आणि तिचे आवरण वितळते. १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३२ अँपिअरची एमसीबी बसवणे हे याच चुकीचे आधुनिक रूप आहे.

भाराच्या मानाने बारीक तार

घरगुती वायरिंगमध्ये दिवे व पंखे यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर, साध्या प्लगांसाठी २.५ चौरस मिलिमीटर आणि गीझर वा वातानुकूलन यंत्रासाठी ४ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वापरण्याचा प्रघात आहे. २००० वॉटचा गीझर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. तो दिव्याच्या बोर्डावरून किंवा बारीक तारेच्या एक्स्टेन्शन बोर्डवरून चालवल्यास तार, प्लग आणि सॉकेट तिन्ही तापतात. एका एक्स्टेन्शन बोर्डला दुसरा जोडणे आणि वेटोळे केलेल्या तारेवरून मोठे उपकरण चालवणे यांमुळे हा धोका वाढतो, कारण वेटोळ्यातील उष्णता बाहेर पडत नाही.

सैल व उघडे जोड

आगीच्या अनेक घटनांना ‘शॉर्टसर्किट’ हे एकच नाव दिले जाते. परंतु आगीचा उगम पुष्कळदा सैल जोडात असतो. एखाद्या जोडाचा रोध केवळ ०.५ ओहम झाला आणि त्यातून १० अँपिअर प्रवाह वाहिला, तर तेथे ५० वॉट उष्णता एका बिंदूवर सतत निर्माण होते. प्रवाह मर्यादेतच असल्याने एमसीबी पडत नाही. प्लास्टिक काळवंडणे, जळकट वास, प्लग गरम लागणे आणि दिवा लुकलुकणे ही याची लक्षणे होत. अॅल्युमिनियम व तांबे यांच्या तारा थेट पिळून केलेला जोड कालांतराने गंजून सैल होतो. सेलोटेप, कापडाची पट्टी किंवा प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेला जोड उष्णता आणि ओल यांपुढे टिकत नाही. भिंतीच्या नळीत दडवलेला जोड तपासताच येत नाही.

आरसीसीबी नसणे किंवा ती टाळून जोडणी करणे

आरसीसीबी हे साधन फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची सतत तुलना करते. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडल्यास ते ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडते. प्रवाह माणसाच्या शरीरातून जमिनीत जात असेल तर हाच फरक निर्माण होतो. वायरिंगमधील गळतीमुळे किंवा दोन परिपथांचे न्यूट्रल एकत्र झाल्यामुळे ती वारंवार पडते. अशा वेळी दोष शोधण्याऐवजी आरसीसीबी काढून टाकली जाते किंवा तिला वळसा घालून तार जोडली जाते. असे केल्यास घरातील एकमेव जीवरक्षक साधन नाहीसे होते. फेज व न्यूट्रल यांना एकाच वेळी स्पर्श झाल्यास मात्र आरसीसीबीला फरक जाणवत नाही, ही तिची मर्यादा आहे.

इन्व्हर्टर व जनित्राची चुकीची जोडणी

इन्व्हर्टर असलेल्या घरात मुख्य स्विच बंद केल्यावरही काही तारांत वीज राहते. जनित्राची तार थेट एखाद्या सॉकेटमध्ये घालून घराला वीज पुरवण्याची पद्धत अतिशय घातक आहे. मुख्य स्विच बंद करायचे राहून गेल्यास ही वीज मीटरमधून उलट वाहिनीत जाते. रोहित्रातून तिचा दाब वाढून बंद समजल्या गेलेल्या ११ हजार व्होल्टच्या वाहिनीवर काम करणाऱ्या तारमार्ग कामगाराचा मृत्यू होऊ शकतो.

कळंब व विदर्भातील विशेष परिस्थिती

कळंब हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून चिंतामणी गणेशाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. परिसर कापूस उत्पादक असून माती प्रामुख्याने काळी आहे. येथील काही धोके केवळ तांत्रिक नसून ऋतुमान आणि राहणी यांच्याशी निगडित आहेत.

काळी माती आणि अर्थिंग : ओली काळी माती विजेची चांगली वाहक असते. उन्हाळ्यात मात्र ती आकसते, तिला भेगा पडतात आणि भूअग्राभोवती पोकळी निर्माण होते. त्यामुळे पावसाळ्यात तपासलेल्या अर्थिंगचा रोध मे महिन्यात अनेक पटींनी वाढू शकतो. समजा, घराच्या अर्थिंगचा रोध ५० ओहम आणि रोहित्राच्या अर्थिंगचा ५ ओहम आहे. कूलरच्या सांगाड्याला फेजचा स्पर्श झाल्यास २३० भागिले ५५, म्हणजे सुमारे ४.२ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. १६ अँपिअरची एमसीबी त्याने पडणार नाही आणि सांगाड्यावर जवळजवळ २०९ व्होल्टचा दाब कायम राहील. घराचा रोध ५ ओहम इतका उत्तम असला तरी प्रवाह २३ अँपिअर होतो आणि १६ अँपिअरची एमसीबी तत्काळ पडेलच अशी खात्री देता येत नाही. म्हणून जेथे प्रत्येक घराचे अर्थिंग स्वतंत्र असते, तेथे अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी अत्यावश्यक ठरते. अर्थिंगच्या खड्ड्यात सर्वाधिक पाणी घालण्याची गरज उन्हाळ्यातच असते.

कूलर : विदर्भात उन्हाळ्याचे तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते आणि लोखंडी पत्र्याचा कूलर घरोघरी वापरला जातो. पाणी, लोखंड आणि वीज एकत्र येणारे घरातील हे बहुधा एकमेव उपकरण असते. वर्षातील आठ महिने अडगळीत राहिल्याने त्याच्या तारांचे आवरण कडक होते किंवा उंदीर ते कुरतडतात. टाकीतील लहान पंपाचे आवरण तडकल्यास संपूर्ण पाण्यात वीज उतरते. अनेक कूलरांना दोन पिनांचा प्लग असतो, किंवा सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून तिसरी पिन तोडलेली असते. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून चालू कूलरमध्ये पाणी भरताना होणारे अपघात विदर्भात दर उन्हाळ्यात घडतात. कूलर बंद करून आणि प्लग काढूनच पाणी भरावे, असे आवाहन महावितरण उन्हाळ्यात करत असते. केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते, कारण स्विच न्यूट्रलवर असण्याची शक्यता असते.

टिनपत्रे आणि कपडे वाळवण्याची तार : खांबावरून येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेवर घासत राहिल्यास तिचे आवरण झिजते आणि संपूर्ण छपरात वीज उतरते. कपडे वाळवण्यासाठी लोखंडी तार बांधताना तिचे एक टोक विजेच्या खांबाला, पत्र्याच्या अँगलला किंवा सर्व्हिस वायरला आधार देणाऱ्या तारेला बांधले जाते. ओला कपडा टाकणाऱ्या व्यक्तीला धक्का बसतो आणि तिला सोडवण्यास धावलेली घरातील दुसरी व्यक्तीही त्याच प्रवाहात सापडते. एकाच कुटुंबातील दोन-तीन व्यक्ती दगावण्याचे प्रकार या साखळीतून घडतात. कपड्यांसाठी नायलॉनची दोरी वापरणे हा यावरील बिनखर्चाचा उपाय आहे.

घरात साठवलेला कापूस : योग्य भावाच्या प्रतीक्षेत शेतकरी वेचलेला कापूस राहत्या घरातच साठवतात. कापूस छताला लागेपर्यंत भरला गेला की भिंतीवरील बोर्ड, होल्डर आणि तारांचे जोड त्याखाली दडतात. तापलेल्या जोडाची उष्णता तेथेच कोंडते आणि एका ठिणगीने हंगामाचे उत्पन्न व घर दोन्ही भस्मसात होऊ शकतात. कापूस ठेवलेल्या खोलीचा पुरवठा मुख्य बोर्डातून बंद ठेवणे श्रेयस्कर असते.

गोठा : जनावरांच्या पायांमधील अंतर जास्त असल्याने आणि गोठ्यातील जमीन ओली असल्याने जमिनीत पसरलेल्या अल्प दाबानेही बैल वा गाय मृत्युमुखी पडू शकते. गोठ्यात लोंबकळत्या तारेवर दिवा लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

कायदे व मानके

भारतातील वीजविषयक व्यवहार विद्युत अधिनियम, २००३ नुसार चालतात. सुरक्षिततेसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये विनियम लागू केले. त्यांच्या जागी २०२३ मध्ये नवे विनियम आले. दिवा, फ्यूज, स्विच यांसारख्या वस्तू बदलण्याचा अपवाद वगळता वायरिंगचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडून व सक्षमता प्रमाणपत्रधारकाच्या देखरेखीखाली होणे बंधनकारक आहे. घरगुती जोडणीतील गळतीरोधक साधनाची मर्यादा ३० मिलिअँपिअरहून अधिक नसावी, अशीही तरतूद आहे. विजेमुळे झालेल्या अपघाताची सूचना अधिनियमाच्या कलम १६१ नुसार द्यावी लागते आणि त्याची चौकशी विद्युत निरीक्षकामार्फत होऊ शकते.

भारतीय मानक ब्यूरोची आयएस ७३२ (वायरिंग), आयएस ३०४३ (अर्थिंग), आयएस ६९४ (तारा), आयएस १२९३ (प्लग व सॉकेट) आणि आयएस १२६४० (आरसीसीबी) ही मानके या क्षेत्रात महत्त्वाची आहेत. राष्ट्रीय विद्युत संहिता प्रथम १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०११ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. प्रचलित रंगसंकेतानुसार फेजसाठी लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलसाठी काळी आणि अर्थिंगसाठी हिरवी अथवा हिरवी-पिवळी तार वापरतात. उरलेली तार संपवण्यासाठी कोणताही रंग कोठेही वापरणे ही चूक पुढील दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

तपासणी

निऑन टेस्टर फेज आहे की नाही एवढेच दर्शवतो. अर्थिंग चांगले आहे की नाही, हे त्याने कळत नाही. तज्ज्ञ तपासणीत मेगरने ५०० व्होल्ट दाबाखाली तारांच्या आवरणाचा रोध मोजतात. तो किमान १ मेगाओहम असणे अपेक्षित असते. अर्थिंगचा रोध स्वतंत्र मापकाने मोजला जातो. घरातील व्यक्तींना पुढील गोष्टी स्वतः पाहता येतात :

* आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबल्यास ती तत्काळ पडते का.
* प्लग, स्विच किंवा मीटरपेटी गरम लागते का, काळवंडली आहे का.
* कूलर, गीझर व शीतकपाट यांना तीन पिनांचा अखंड प्लग आहे का.
* नळ, भिंत किंवा उपकरण यांना स्पर्श केल्यास झिणझिण्या येतात का. येत असल्यास मुख्य स्विच तत्काळ बंद करून तज्ज्ञास बोलवावे.
* सर्व्हिस वायर पत्र्याला किंवा झाडाच्या फांदीला घासते का.

अपघात झाल्यास

धक्का बसलेल्या व्यक्तीला हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या वस्तूने तिला तारेपासून दूर करावे. खांबावरील वाहिनी तुटून पडली असल्यास जवळ न जाता महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे. व्यक्ती बेशुद्ध असून श्वास घेत नसल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. अपघातग्रस्तास मातीत पुरणे किंवा शेणात ठेवणे यांसारख्या समजुतींना वैद्यकीय आधार नसून त्यांत मोलाचा वेळ जातो. शुद्धीवर आलेल्या व्यक्तीलाही रुग्णालयात नेणे आवश्यक असते, कारण हृदयाच्या गतीतील बिघाड आणि शरीराच्या आतील भाजणे बाहेरून दिसत नाही. विजेमुळे लागलेल्या आगीवर पुरवठा बंद होईपर्यंत पाणी टाकू नये.

हे सुद्धा पहा

* विद्युत अधिनियम, २००३
* महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी
* भूसंपर्कन
* प्रथमोपचार
* कळंब (यवतमाळ जिल्हा)